हाताची साक्ष

आमची आपा आमच्याहून आठ वर्षांनी मोठी. अम्मा लवकर गेली. त्यामुळे आम्हाला न्हाऊ घालण्यापासून मदरशात नेऊन बसवण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. लग्न होऊन ती मिरजेला गेली आणि पुढं नोकरीच्या निमित्तानं आम्हीही त्याच भागात येऊन स्थिरावलो. चौतीस वर्षं आम्ही हायस्कुलात विज्ञान शिकवलं. मोहल्ल्यात आम्हाला ‘सायन्सवाले मास्तर’ म्हणत. आपाला याचा केवढा अभिमान! शेजारणींपाशी बसली की ती हमखास म्हणायची, "हमारा छोटा सब जानता." हे वाक्य पुढं फार महाग पडलं. आम्हाला नव्हे, तिलाच.

ही हकीगत २०१२ सालातली. आपा तेव्हा एकोणसत्तर वर्षांची होती. दुल्हाभाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. साखरेचं दुखणं तिला जुनं. आधी गोळ्या होत्या, मग सहा वर्षांपासून इन्सुलिन. फ्रीज बिघडला की ती इन्सुलिनची कुपी प्लॅस्टिकच्या डब्यात घालून माठाशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. सकाळ-संध्याकाळ स्वतःच पोटाला सुई टोचून घ्यायची. टोचताना ‘बिस्मिल्ला’ म्हणायची आणि टोचून झालं की "अल्ला, कब छुट्टी देता रे इससे!" असंही म्हणायची. डाव्या पायाला करंगळीपाशी एक लहानशी जखम झाली होती, ती भरता भरत नव्हती. ड्रेसिंग चालू होतं.

भाचा तेव्हा बेकार होता. डिप्लोमा झालेला, पण हाती काम नाही. कुणा मित्राच्या नादानं तो एका कंपनीत ‘जॉइन’ झाला. आधी स्वतः बावीस हजारांचा माल घ्यायचा, मग माणसं जोडायची, त्या माणसांनी आणखी माणसं जोडायची, असली ती कंपनी. माल म्हणजे डब्यातली हिरवी पूड आणि गळ्यात घालायचं एक पदक. एका रविवारी तो आपल्या ‘सीनियर’ला घरी घेऊन आला आणि आम्हालाही मुद्दाम बोलावणं आलं. "मामू, तुम्ही फक्त बघा. आमचे सर प्रत्यक्ष टेस्ट करून दाखवतात. बोलबच्चन नाही."

सीनियर तिशीतला, टाय लावलेला, बोलायला गोड. आल्या आल्या त्यानं सलाम केला, आपाच्या पायाशी खाली बसला, जखमेची चौकशी केली. मग म्हणाला, "अम्मी, आपलं शरीर सगळं जाणतं. कुठलं औषध मानवतं, कुठलं नाही, हे त्याला विचारायचं कसं तेवढं माहीत पाहिजे. डोकं खोटं बोलतं, जीभ खोटी बोलते. स्नायू खोटं बोलत नाही."

त्यानं आपाला उभं केलं. उजवा हात खांद्याच्या रेषेत आडवा, ताठ धरायला सांगितला. आधी हात रिकामा ठेवून मनगटावर दोन बोटांनी दाब दिला. हात टिकला. मग इन्सुलिनची कुपी मागवली, ती डाव्या हातात देऊन छातीशी धरायला लावली आणि पुन्हा दाबलं. हात खाली आला, पिकलं फळ गळावं तसा. कुपी काढून पुडीचा डबा दिला, दाबलं, हात खांबासारखा ताठ. आपानं डोळे मोठे करून आमच्याकडं पाहिलं.

मग आमची पाळी. मास्तरांवर प्रयोग झाला म्हणजे शंकेला जागा नको. आम्ही मनात पक्कं ठरवलं होतं की हात पडू द्यायचा नाही. कुपी हातात घेतली, दात-ओठ आवळले आणि तरीही हात पडला. खरोखर पडला. सीनियर हसून म्हणाला, "सर, तुम्ही सायन्सचे. तुम्हीच सांगा. हात पडला की नाही?"

आपाही विचारती झाली, "बोल रे छोटे. पड्या क्या नई?"

आम्ही म्हणालो, "पडला."

एवढंच बोललो. ते खरंही होतं. पण त्याच्यापुढं जे बोलायला हवं होतं ते तोंडातून निघालं नाही. हात पडला हे खरं, पण तो का पडला हे यातून कळत नाही, एवढं एक वाक्य. भाच्याच्या चेहऱ्यावरची आशा दिसत होती, त्याचे बावीस हजार दिसत होते, पाहुण्याचा उपमर्द कसा करावा असंही वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर स्वतःचाच हात पडल्यामुळं आम्ही गोंधळून गेलो होतो. चहा पिऊन आम्ही घरी आलो. सीनियर जाताना आपाला म्हणाला होता, "मी बंद करा म्हणत नाही अम्मी. तुमचं शरीर काय म्हणतंय ते तुम्ही पाहिलंत."

आपानं दुसऱ्या दिवसापासून सुई बंद केली. आम्हाला सांगितलं नाही. सांगायचं कारणच काय? छोट्यानं पाहिलं होतं, छोटा ‘पडला’ म्हणाला होता.

इथं आम्हाला एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगितल्याशिवाय आमची चूक किती मोठी, हे कळायचं नाही.

आम्ही दहा वर्षांचे असताना आजोळी नानीचे चांदीचे तोडे हरवले. घरात बकऱ्या राखायला एक बारा वर्षांचा पोरगा होता, त्याची आई नानीकडं भांडी घासायची. दोन दिवस शोधाशोध झाली, मग ठरलं की लोटा फिरवायचा. आमच्या लोकांत ही रीत जुनी. कल्हई केलेला तांब्याचा लोटा घ्यायचा. दोघांनी समोरासमोर बसून एकेका बोटाच्या टोकावर त्याचा काठ तोलायचा. संशयितांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून एकेक चिठ्ठी लोट्यात टाकायची आणि मोहल्ल्यातल्या जाणत्या म्हाताऱ्यानं यासीन पढायची. चोराच्या नावाला लोटा फिरतो. बोटं धरायला अजाण, पाक मुलं लागतात. एक मामेभाऊ बसला आणि समोर आम्ही.

तीन नावांना लोटा स्थिर राहिला. चौथी चिठ्ठी त्या पोराची. ती टाकताना म्हाताऱ्यानं त्याचं नाव पुटपुटलं, ते आम्ही ऐकलं. आणि लोटा फिरला. आमच्या बोटांवर सरसर फिरला. आम्ही अल्लाची शपथ घेऊन सांगतो, आम्ही फिरवला नाही. मामेभाऊही तेच म्हणाला. तीनदा केलं, तिन्ही वेळा फिरला. पोराला मार बसला. त्याची आई रडत त्याला घेऊन गाव सोडून गेली. पावसाळ्याच्या तोंडाला कणगी रिकामी केली तेव्हा तळाशी जोंधळ्यात तोडे सापडले. नानीनंच चोराच्या भीतीनं लपवले होते आणि विसरली होती.

त्या पोराला निरोप धाडला गेला, पण तो परत आला नाही. आम्हाला मात्र कित्येक वर्षं एकच प्रश्न छळत राहिला. आम्ही खोटं बोललो नव्हतो, मग आमची बोटं कशी खोटी बोलली?

याचं उत्तर आम्हाला कॉलेजात एका पुस्तकात भेटलं. मिशेल शेवरल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं दोऱ्याला टांगलेल्या लंबकाचा अभ्यास केला होता. माणूस हात स्थिर धरतो, तरी मनात जी दिशा येते त्या दिशेला लंबक हलू लागतो. डोळे बांधले की हलणं थांबतं. १८३३ साली त्यानं हे आपला मित्र अँपिअर याला पत्रातून कळवलं. १८५२ साली विल्यम कार्पेंटर या इंग्रज वैद्यानं याला नाव दिलं, ‘आयडिओमोटर’ क्रिया. आपण मराठीत हवं तर कल्पनाचलन म्हणू. मनात नुसती कल्पना आली, अपेक्षा आली, की स्नायू आपल्या नकळत थोडेसे हलतात. त्याच सुमारास युरोपात मेजाभोवती हात ठेवून बसायचं आणि भुतानं मेज फिरवायचं असं वेड आलं होतं. १८५३ साली मायकेल फॅरडेनं हात आणि मेज यांच्यामध्ये सरकते पुठ्ठे ठेवून दाखवून दिलं की आधी हात सरकतात, मग मेज. बसलेले लोक लबाड नव्हते. त्यांना खरोखर वाटत होतं की मेज आपलं आपण फिरतंय. लोट्याचंही तेच. चौथं नाव कानावर पडलं तेव्हा साऱ्या घराचा संशय आमच्या बोटांत उतरला होता. आपल्याकडचा पाणाड्या तळहातावर नारळ धरून शेतात फिरतो आणि नारळ उभा राहतो, तिथंही हाच कारभार.

हे कळल्यावर आम्ही वर्गात दर वर्षी लंबकाचा प्रयोग करून दाखवत असू. वाचकांनाही करून पाहता येईल. कागदावर एक फुली काढा, अंगठी दोऱ्याला बांधून फुलीच्या मधोमध धरा आणि हात न हलवता नुसतं मनात म्हणा, ‘उभी हल’. थोड्या वेळात ती हलू लागते. मुलं किंचाळायची. मग आम्ही लोट्याची गोष्ट सांगायचो आणि म्हणायचो, लक्षात ठेवा, प्रामाणिक माणसाचाही हात फसवतो.

आणि असा हा मास्तर, २०१२ साली स्वतःच्या बहिणीच्या घरात, तोच लोटा नव्या रूपात समोर आला तेव्हा ओळखू शकला नाही. ताबीज असतं, फुंकलेलं पाणी असतं, कुणी म्हाताऱ्यानं लोटा मागवला असता, तर आम्ही तिथंच भांडलो असतो. आपाशी ताबिजावरून आमची भांडणं झालीही होती. पण टाय आला, ‘एनर्जी’ आली, ‘टेस्ट’ हा आमचाच शब्द आला आणि आमची जीभ टाळ्याला चिकटली.

बाराव्या दिवशी पहाटे भाच्याचा फोन आला. आपा बडबडत होती, ताप होता, पाय सुजून काळानिळा पडला होता. दवाखान्यात साखर पाचशेच्या वर निघाली. जखमेतलं विष वर चढत होतं. डॉक्टरांनी विचारलं, "इन्सुलिन कधीपासून बंद आहे?" भाचा आमच्याकडं बघत राहिला, आम्ही जमिनीकडं. चौथ्या दिवशी डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. डॉक्टर भले होते. ते म्हणाले, जखम आधीचीच होती, इन्सुलिन चालू असतं तरी बोटं वाचलीच असती असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण वाचण्याची संधी होती. ती संधी बारा दिवसांत गेली.

ऑपरेशननंतर एक तरुण फिजिओथेरपिस्ट मुलगी आली. तिनं आपाला पाऊल वर ओढायला सांगितलं आणि वरून हातानं दाब दिला. आपानं घाबरून पाय मागं घेतला. "ये भी वहीच करती क्या? नक्को गे माँ!" मुलगी चकित झाली. आम्ही तिला सारं सांगितलं. ती आपाच्या उशाशी बसली आणि म्हणाली, "आजी, मी स्नायूला फक्त स्नायूचंच विचारते. तुझ्यात ताकद किती, एवढंच. शून्य ते पाच असे मार्क देतो आम्ही. हालचालच नाही तर शून्य. स्नायू नुसता थरथरला तर एक. वजनाचा भार काढून हलला तर दोन, भार उचलून हलला तर तीन, माझा थोडा दाब सोसला तर चार, पूर्ण सोसला तर पाच. तुमचा घोटा चार आहे. औषध कुठलं घ्यायचं हे मी त्याला विचारत नाही. त्याला काय माहीत?"

त्या पोरीनं चार वाक्यांत जे सांगितलं ते आम्हाला त्या रविवारी सांगता आलं नव्हतं. मग आम्ही या विद्येचा माग काढायला लागलो.

स्नायूंची ही खरी तपासणी शंभर वर्षांपूर्वीची. १९१०च्या दशकात बॉस्टनच्या रॉबर्ट लोव्हेट या अस्थितज्ज्ञानं पोलिओच्या मुलांच्या कुठल्या स्नायूत किती जीव उरलाय हे मोजण्यासाठी ती बसवली. पुढं केंडल नावाच्या अमेरिकन दांपत्यानं १९४९ साली त्यावर मोठं पुस्तक लिहिलं. इथवर सारं सरळ आहे. १९६४ साली अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातल्या जॉर्ज गुडहार्ट या कायरोप्रॅक्टरनं ही तपासणी उचलली आणि तिला वेगळंच वळण दिलं. प्रत्येक स्नायूची गाठ शरीराच्या आतल्या एकेका अवयवाशी आहे, असं तो म्हणू लागला. खांद्याचा डेल्टॉइड फुफ्फुसाशी, मांडीचा पुढचा स्नायू लहान आतड्याशी. स्नायू ढिला पडला तर तो अवयव बिघडला. चिनी वैद्यकातले प्राणप्रवाहाचे मार्गही त्यानं यात जोडले. या सगळ्याला त्यानं नाव दिलं ‘अप्लाइड किनेसिऑलॉजी’. नुसती किनेसिऑलॉजी हे शरीराच्या हालचालींचं खरं शास्त्र आहे. या पद्धतीनं त्याचं नाव मात्र घेतलं.

पुढं तिला फाटे फुटले. १९७३ साली जॉन थाय यानं ती घरच्या घरी करता यावी अशी सोपी करून लोकांत पसरवली. १९७९ साली जॉन डायमंड नावाच्या मानसोपचारतज्ज्ञानं मनातल्या भावनाही स्नायू सांगतो, असं पुस्तक लिहिलं. केरळात जन्मून कॅलिफोर्नियात गेलेल्या देवी नंबुद्रीपाद यांनी १९८३ साली अ‍ॅलर्जी ओळखण्याची आणि घालवण्याची पद्धत काढली, तिचाही पाया हाच, हात दाबणं. तान्ह्या मुलाचा हात ताठ राहत नाही, म्हणून काही जण मुलाला आईच्या मांडीवर ठेवून आईचा हात दाबतात आणि दुखणं मुलाचं सांगतात! लोट्यातली चिठ्ठी तरी ज्याच्या त्याच्या नावाची होती.

या दाव्यांची परीक्षा झालेली आहे. १९८८ साली अमेरिकेत तीन अनुभवी जाणकारांकडून अकरा माणसं तपासून घेतली. थायमिन, झिंक, अ आणि क जीवनसत्त्व यांतलं कुणाला काय कमी पडतंय ते सांगायचं होतं. तिघांची उत्तरं एकमेकांशी जुळली नाहीत आणि रक्ताच्या तपासणीशीही जुळली नाहीत. २००१ साली जर्मनीत गांधीलमाशीच्या विषाची अ‍ॅलर्जी या पद्धतीनं ओळखता येते का, हे पाहिलं गेलं. छापा-काट्याहून अधिक काही निघालं नाही. रे हायमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं एक प्रसंग लिहून ठेवलाय. कायरोप्रॅक्टरांनी जिभेवर ग्लुकोज ठेवलं की हात पडतो आणि फळांची साखर ठेवली की टिकतो, असं करून दाखवलं. मग कुठली साखर आहे हे कुणालाच कळू न देता प्रयोग केला, तर सगळं विस्कटलं. त्यावर त्यांचा म्होरक्या जे म्हणाला त्याचा मथितार्थ असा की, म्हणूनच आम्ही असले झाकून करायचे प्रयोग करत नाही, ते कधी जमतच नाहीत. तो चेष्टा करत नव्हता.

आमचा हात का पडला, हेही मग उलगडलं. हात हा तरफेचा दांडा आहे. खांद्यापासून मनगट साधारण दोन फुटांवर, कोपर एका फुटावर. मनगटावर दाबलं तर कोपराशी लागेल त्याच्या निम्म्या जोरात हात खाली येतो. दाबणाऱ्यानं बोटं चार अंगुळं आतबाहेर सरकवली तरी निकाल बदलतो. ‘धरा’ म्हणायच्या क्षणभर आधी दाबलं तर स्नायू तयार नसतो. क्षणभर नंतर दाबलं तर तयार असतो. दाबाची दिशा जराशी पुढं कलली तरी खांदा सोडून देतो. पहिल्यांदा माणूस बेसावध असतो, पुढच्या खेपेला शहाणा होतो, म्हणून विकायचा माल नेहमी नंतर देतात. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे दोघांच्या मनातली अपेक्षा. आम्ही ‘पडू द्यायचा नाही’ असं घोकत होतो, म्हणजे पडण्याचाच विचार करत होतो.

यात कुणी लबाडी करतंच असं नाही. सीनियरचं आम्ही सांगत नाही, पण आमचा भाचा लबाड नव्हता. त्यानंही शेजाऱ्यापाजाऱ्यांचे हात दाबले होते आणि प्रत्येक वेळी हात पडताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. लबाड माणसाला पकडता येतं. प्रामाणिक माणसाला पकडायला त्याच्या डोळ्यांवर पट्टीच बांधावी लागते.

आपा घरी आल्यावर आम्ही तेच केलं. भाचा हट्टाला पेटला होता. आईची बोटं गेली हे त्याला सोसत नव्हतं, म्हणून पूड खोटी हे त्याला मानवत नव्हतं. "मामू, इन्सुलिन बंद करणं चुकलं, पण टेस्ट खरी आहे." आम्ही म्हटलं, ठीक आहे. आधी उघड्यावर सहा वेळा केलं. पूड हातात असली की आमचा हात टिकला, गव्हाचं पीठ असलं की पडला. सहापैकी सहा. मग नातीला बोलावलं. तिनं दुसऱ्या खोलीत बसून दर खेपेला नाणं उडवायचं. छापा आला तर पाकिटात पूड, काटा आला तर तेवढंच पीठ. पाकीट चिकटवून वर नंबर घालायचा आणि यादी पेटीत ठेवायची. अशी वीस पाकिटं झाली. नात अंगणात खेळायला गेली. आता दाबणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि दाबून घेणाऱ्यालाही नाही. आपा खुर्चीत बसून काझीसारखी बघत होती. भाचा दाबायचा, निकाल सांगायचा, आपा मोठ्यानं नंबर म्हणायची आणि आम्ही लिहायचो.

यादी काढून ताडून पाहिली. वीसपैकी नऊ बरोबर. डोळे मिटून बोललो असतो तरी दहाएक आलेच असते.

भाचा बराच वेळ पाकिटांशी चाळा करत बसला. मग उठला आणि घरातले उरलेले अकरा डबे पोत्यात भरले. त्यानं ते विकले नाहीत, एवढं आम्ही त्याच्या बाजूनं लिहून ठेवतो. बावीस हजार बुडाले ते बुडाले. आज तो मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो.

तक्रार करावी म्हणून आम्ही डब्यावरचा मजकूर पाहिला. १९५४ सालचा औषधं आणि जादूई उपायांच्या जाहिरातींचा कायदा आहे, त्यातल्या रोगांच्या यादीत मधुमेहही आहे. पण डब्यावर मधुमेहाचं अवाक्षर नव्हतं. ‘आहारपूरक’ एवढंच छापलं होतं. खोटं कुठं छापलेलंच नव्हतं, ते आपाच्या हातावर लिहिलं गेलं होतं, आणि साक्षीदार म्हणून आमची सही होती. असंच एक रबरी ब्रेसलेट मधल्या काळात जगभर खपलं. घातलं की तोल सावरतो, हे हात दाबूनच दाखवत. २०१०च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियात ग्राहक आयोगानं धरल्यावर कंपनीला जाहीर करावं लागलं की या दाव्याला विश्वासार्ह शास्त्रीय आधार नाही. आपल्याकडं २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यासाठी डॉ. दाभोलकरांना जीव द्यावा लागला. पण कायदा प्रत्येक ओसरीवर बसू शकत नाही. ओसरीवर मास्तर बसलेला असतो. त्यानं बोलायचं असतं.

आम्ही समाजसुधारणेच्या व्याख्यानांत ताबीज, गंडे, लोटा यांवर पुष्कळ बोललो. बोलताना आमच्या मनात ऐकणारे अडाणी होते आणि आम्ही शहाणे. त्या रविवारनंतर हा तोरा गेला. कळलं ते असं की शंका ही विद्या नाही, सवय आहे. ओळखीच्या ठिकाणी ती सहज जमते. आपल्या भाषेत बोलणारा, आपल्याच अंगणात बसलेला, आपल्या भाच्याच्या भाकरीशी बांधलेला माणूस समोर असतो, तेव्हा तिची खरी परीक्षा होते.

आपाची माफी मागायला आम्हाला दोन महिने लागले. एका संध्याकाळी ती पायाला तेल लावत बसली होती, तेव्हा म्हणालो, "आपा, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं." लोट्याचंही सारं सांगितलं. पन्नास वर्षांत तिला ते सांगितलं नव्हतं. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "उस वखत बूढे ने यासीन पढी ना?" आम्ही हो म्हणालो. "तो फिर यासीन में क्या है सो उसकू मालूम नई होगा. उसमेंच लिख्या है ना रे, कयामत के दिन मुँह पो मुहर लगेगी, हाथां बोलेंगे, पावां गवाही देंगे. उस दिन, अल्ला के सामने. उसके पैले हाथ का काम काम करने का. बोलने का काम मुँह का."

आम्ही तिच्या पायाकडं पाहिलं. तीन बोटं, पुढं गुळगुळीत कातडी. ते पाऊल त्या दिवशी काय साक्ष देईल, हे आम्ही तिला विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. तेलाची वाटी आमच्याकडं सरकवली आणि म्हणाली, "तोंड लटकाके कायकू बैठ्या? मेरी सुई का वखत हुआ. वो डब्बा ला."

आम्ही माठाशेजारचा डबा आणून दिला. आपा त्यानंतर सात वर्षं जगली. काठी घेऊन चालायची, दोन्ही वेळा स्वतः सुई टोचून घ्यायची आणि शेजारणींना अजूनही तेच सांगायची, हमारा छोटा सब जानता. आम्ही तिथं असलो तर म्हणायचो, "नाही आपा, सब नाही जानता." एवढं मात्र त्यानंतर आम्ही कधी चुकवलं नाही.